पत्नीच्या कामासाठी ३५ हजारांतला लॅपटॉप

प्रश्न : माझी पत्नी दोन गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब टॅलीवर ठेवते, शिवाय एका प्रकाशन संस्थेची मुद्रितशोधनाची कामे करते. आठवड्यातून दोनदा ती लोकलने फोर्टला जाते. आजवर माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिचे भागले, पण आता तो सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन होतो. वाढदिवसाला तिला न सांगता नवा लॅपटॉप द्यावा असे मनात आहे. जवळ ३५ हजार रुपये आहेत. दुकानदार १५.६ इंची लॅपटॉप सुचवतो, तर मित्राचे म्हणणे असे की मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून चांगल्या कंपनीचा वापरलेला घ्यावा. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : प्रथम पत्नीचे ऐकावे. साडी आवडली नाही तर बदलून मिळते, लॅपटॉपचे खोके एकदा उघडले की दुकानदार ओळख दाखवत नाही. म्हणून भेट गुपित ठेवण्याचा मोह आवरा आणि त्यांना सोबत न्या. कीबोर्डची कळ बोटाला कशी लागते आणि पडद्यावरचे अक्षर डोळ्यांना कसे दिसते, याचा निवाडा दुसऱ्या कोणी करायचा नसतो.

मर्यादित रकमेत मी एकच कसोटी लावतो : जे पुढे बदलता येणार नाही त्यावर आज खर्च करावा, जे नंतर वाढवता येते ते आज थोडे कमी असले तरी चालेल. पडदा बदलता येत नाही असेच धरून चाला. मुद्रितशोधनासाठी १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा, म्हणजे कमी ठिपक्यांचा, पडदा घेऊच नका. १९२० बाय १०८० चा आयपीएस, म्हणजे बाजूनेही रंग नीट दाखवणारा, पडदा मागा. दुकानात एखादे मराठी पान उघडून रफार आणि अनुस्वार न ताणता वाचता येतात का ते पाहावे, मग झाकण थोडे मागेपुढे करावे. रंग लगेच फिके किंवा उलटे दिसू लागले तर तो स्वस्तातला टीएन पडदा समजावा.

दुसरी न बदलणारी गोष्ट म्हणजे मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य पाटीवरच) पक्की जोडलेली रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी स्मृती, आणि इथे ग्राहक हमखास फसतो. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांची रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावंडांसारखी वाटतात. पण एएमडीच्या या ७००० मालिकेत तिसरा अंक प्रोसेसरची पिढी सांगतो. ‘२’ म्हणजे २०१९ मध्ये आलेली झेन २ ही प्रोसेसरची अंतर्गत रचना, ‘३’ म्हणजे त्यानंतरची झेन ३. पहिल्यात ४ कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत, दुसऱ्यात ६, आणि पहिल्यासोबतची रॅम बोर्डावर पक्की बसवलेली असते, म्हणजे ८ जीबी घेतली तर ती कायमची ८ जीबीच. म्हणून ‘ही ८ जीबी पुढे १६ करता येईल का, त्यासाठी जागा मोकळी आहे का’ असे स्पष्ट विचारा. साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी असावी; ईएमएमसी (स्वस्त, पण संथ साठवण) असा शब्द दिसला तर तो लॅपटॉप बाजूला ठेवावा. ग्राफिक्स कार्डाचा विचारही नको.

आता आकार. दुकानदाराच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे : १५.६ इंची लॅपटॉपवर बहुधा उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा असतात आणि टॅलीत व्हाउचरमागून व्हाउचर भरणाऱ्याला त्या हव्याच असतात. पण दुकानदाराला सकाळच्या गर्दीत ती पिशवी छातीशी धरून उभे राहायचे नाही. मी १४ इंची, दीड किलोच्या आतबाहेरचा लॅपटॉप घेईन आणि आकड्यांसाठी यूएसबीला जोडायचा वेगळा नंबर पॅड घरी ठेवीन. तो काही शे रुपयांत येतो.

मित्राचा सल्लाही टाकाऊ नाही. कार्यालयांतून निघालेल्या लॅपटॉपांचे कीबोर्ड आणि बांधणी या किमतीतल्या नव्यांपेक्षा पुष्कळदा सरस असतात. मात्र विंडोज १० ला मिळणारे नियमित मोफत संरक्षण (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर कोणी विंडोज ११ बसवून दाखवले, तरी मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते यंत्र त्यासाठी पात्र नसते. बॅटरीची खातरजमा दुकानातच करावी : कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता शेजारीशेजारी दिसतात. निम्मी उरली असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच भाव करा. तरीही, हिशेबाचे काम एक दिवसही अडून चालणार नसेल, तर माझा कल घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी असलेल्या नव्या यंत्राकडे राहील.

क्रोमबुक स्वस्त दिसले तरी वळू नका, कारण टॅली तिथे थेट बसवता येत नाही. कच्च्या बिलावर दोन पैसे सुटतात म्हणून भुलू नये. सीरियल क्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिलच घ्यावे. आणि टॅलीचा परवाना तुमचा स्वतःचा असेल, तर हिशेबांचा बॅकअप घेऊन तो जुन्या लॅपटॉपवरून आधी ‘सरेंडर’ करावा, म्हणजे तिथून सोडवून घ्यावा, मगच नव्यावर सुरू करावा.