युरोपातली रात्रीची गाडी: सीट, कुशेट, मिनी केबिन की स्लीपर?

प्रश्न असा आहे: तुम्ही दोघं आणि पासष्टीचे आई-बाबा व्हिएन्नाहून रोमला नाइटजेट या ऑस्ट्रियन रेल्वेच्या शयनगाडीने रात्री जाणार आहात. तिकिटाच्या चार प्रकारांतला कोणता घ्यावा, झोप लागते का, आणि आंघोळ-सामानाचं काय?

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. चौघं एकत्र असाल तर चार बर्थचं कुशेट (साध्या बर्थची बंद खोली) अख्खं घ्या, म्हणजे दार लावलं की आत फक्त घरची माणसं. आई किंवा बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल, तर त्या दोघांसाठी आतच टॉयलेट असलेला स्लीपर (वरच्या दर्जाची दोन-तीन बर्थची खोली, आपल्याकडचा स्लीपर क्लास नव्हे) घ्या आणि तुम्ही दोघं कुशेट किंवा मिनी केबिनमध्ये (एकट्यापुरत्या छोट्या केबिनमध्ये) जा. सीट कुणीच घेऊ नये. वाचलेले पैसे दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या लॉबीत पेंगण्यात जातात.

आता गाडी कुठली मिळणार, हे बघा. सगळा आराम त्यावर ठरतो आणि नेमकं तेच लोक बघत नाहीत. जर्मन रेल्वेने डिसेंबर 2016 मध्ये आपल्या शयनगाड्या बंद केल्या, तेव्हा त्यातले काही मार्ग ऑस्ट्रियाच्या ओबीबी या रेल्वे कंपनीने घेतले आणि नाइटजेट हे नाव तेव्हापासून चालू झालं. डबे मात्र बरेचसे जुनेच होते. डिसेंबर 2023 पासून सीमेन्सने बनवलेल्या नव्या गाड्या येऊ लागल्या: सात डबे, त्यात दोन सीटचे, तीन कुशेटचे, दोन स्लीपरचे. त्यामुळे एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या गाड्या धावतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे तुमच्या तारखेला तिकिटात मिनी केबिन विकायला दिसली, तर गाडी नवी. नव्या गाडीत स्लीपरच्या प्रत्येक खोलीत टॉयलेट आणि शॉवर आहे, पण खोली दोघांपुरतीच. जुन्या गाडीत एका स्लीपरमध्ये एकावर एक तीन बर्थ आणि कोपऱ्यात बेसिन असतं. आतलं टॉयलेट आणि शॉवर तिथे फक्त डीलक्स प्रकारात. साध्या स्लीपरचं तिकीट काढून शॉवर शोधत फिरणारे प्रवासी दर मोसमात दिसतात.

सीटचं थोडक्यात. जुन्या डब्यात सहा जणांची बंद खोली असते, पाय समोरच्याच्या पायांत, आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर कुणीतरी दार सरकवून डोकावणार. चोऱ्या होतात त्या बहुतेक इथेच, कारण दार आतून लावता येत नाही.

कुशेट म्हणजे आडवं पडायची साधी सोय. उशी, चादर, पांघरूण, पाण्याची बाटली आणि सकाळी दोन पाव, लोणी, जॅम आणि चहा-कॉफी, एवढं तिकिटात येतं. जुन्या डब्यात तीच खोली सहा बर्थचीही करतात आणि चारचीही. चारमध्ये मधले बर्थ वापरत नाहीत. फरक मोठा आहे. सहामध्ये मधल्या बर्थवर ताठ बसताच येत नाही, त्यामुळे सगळे झोपायला तयार होईपर्यंत एकालाही नीट बसायला मिळत नाही. चौघांसाठी सहाच्या खोलीतले चार बर्थ स्वस्तात मिळाले, तर उरलेल्या दोन बर्थवर रात्री दीड वाजताही कुणी चढू शकतं. पैसे भरून खोली पूर्ण आपली करता येते, तोच पर्याय निवडा. एकट्या बाईला प्रवास करायचा असेल तर फक्त महिलांच्या कंपार्टमेंटचा पर्याय आरक्षणातच असतो.

मिनी केबिन एकट्या माणसासाठी आहे. आत एक बर्थ, सरकतं दार, दिवा, चार्जिंग, आणि बूट व हातातली बॅग ठेवायला बाहेर लहान लॉकर. केबिन आणि लॉकर दोन्ही एकाच कार्डावर उघडतात. एकटेपणा मिळतो, पण जागा कपाटाएवढी. बंद जागेत जीव घाबरा होत असेल किंवा उंची सहा फुटांच्या पुढे असेल तर नको. आई-बाबांना तर नकोच. वरच्या केबिनमध्ये चढणं सोपं नाही, आणि रात्री एकाला काही झालं तर दुसऱ्याला कळणार नाही.

बर्थची जागा हा झोपेचा खरा भाग आहे. डब्याची चाकं दोन्ही टोकांना असतात, मध्ये काही नसतं. टोकाच्या कंपार्टमेंटमध्ये चाकांचा आवाज, सांध्यांचे ठोके, टॉयलेटचं दार आणि डब्याचं सरकतं दार, असं सगळं एकत्र येतं. डब्याच्या मधल्या खोल्या सगळ्यात शांत. आरक्षणात जागेचा नकाशा दिसत असेल तर मधली खोली घ्या, नसेल तर नशिबावर सोडा, पण इयरप्लग न्याच.

खालचा बर्थ की वरचा? गाडी डुलते तेव्हा जितकं वर तितकं डुलणं जास्त, त्यामुळे प्रवासात मळमळणाऱ्याने खाली झोपावं. खाली मात्र खिडकीची थंड झुळूक आणि हीटरची ऊब एकदमच लागते. वर हवा उबदार आणि कोंदट असते. जुन्या कुशेटच्या वरच्या बर्थला एक फायदा आहे: कॉरिडॉरच्या छतावर एक खोल कप्पा असतो आणि तो आतून, वरच्या बर्थच्या उंचीवर उघडतो. मध्यम आकाराच्या बॅगा तिथे सरकवल्या की खालची जमीन मोकळी राहते. तरुणांनी वर जावं, आई-बाबांना खाली द्यावं, इतकं तर सगळेच करतात. बॅगा कोण वर चढवणार हेही तेव्हाच ठरवा. गाडी हलायला लागल्यावर शिडीवर उभं राहून पंधरा किलोची बॅग ढकलणं धोक्याचं आहे.

हे बर्थ गाडीच्या दिशेला आडवे असतात. त्यामुळे ब्रेक लागला की अंग कुशीला लोळतं, आणि वळणावर अंग डोक्याकडे किंवा पायांकडे सरकतं. डोंगरी मार्गावर हे जाणवतं. लोळण्यावर उपाय साधा: कुशीवर झोपून वरचा गुडघा पुढे वाकवून ठेवायचा. सैलसर पाठीवर झोपलं की प्रत्येक ब्रेकला जाग येते. रात्री कुठेतरी गाडीला दुसरे डबे जोडतात किंवा काढतात, तेव्हा दणका बसतो आणि मग वीसेक मिनिटं सगळं शांत. त्या शांततेनेच जास्त जण जागे होतात, गाडी बंद पडली असं वाटून. बंद पडलेली नसते.

डबे जोडण्या-काढण्यावरून एक महत्त्वाचं. अशा गाड्यांचे डबे वाटेत वेगवेगळ्या शहरांकडे फुटतात. लंडनहून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जाणारी कॅलेडोनियन स्लीपर एडिनबरोला तीन तुकड्यांत फुटते: एक ॲबर्डीनला, एक इनव्हरनेसला, एक फोर्ट विल्यमला. म्हणून चढताना तिकिटावरचा डब्याचा क्रमांक आणि दाराजवळच्या पाटीवरचं अंतिम स्टेशन, दोन्ही जुळवा. ‘आत शिरू, मग आतून चालत जाऊ’ हा प्रकार करू नका. दोन तुकड्यांमध्ये जायला वाट नसेल तर सामानासकट अडकाल.

चढल्यावरचा क्रम. अटेंडंट येऊन तिकीट बघतो. स्लीपरवाल्यांना नाश्त्याचं कार्ड देतो, त्यात यादीतले सहा पदार्थ खूण करून निवडायचे असतात. किती वाजता उठवायचं तेही त्याच वेळी ठरतं. कार्ड झोपण्याआधी परत द्या, नाहीतर सकाळी जे उरलं असेल ते मिळतं. नाइटजेटला डायनिंग कार नाही. अटेंडंटकडे थोडेफार खाण्याचे पदार्थ विकत मिळतात, पण रात्रीचं जेवण बरोबर आणणंच बरं. मग टॉयलेट, दात घासणं, आणि तेही गाडी सुटल्यावर पहिल्या तासात. नळाचं पाणी पिण्याचं नसतं. दात घासायलाही बाटलीतलंच घ्या.

दाराला दोन कड्या असतात, एक नेहमीची आणि दुसरी फक्त आतून लागणारी. दोन्ही लावा. नेहमीची कडी अटेंडंटच्या किल्लीने बाहेरून उघडते, आतली उघडत नाही. कुणी दार वाजवलं तर आधी विचारा, मग उघडा. पासपोर्ट आणि फोन उशीच्या आत, खिडकीच्या बाजूला. शेंगेनच्या आत, म्हणजे एकमेकांच्या सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांमध्ये, नेहमीची तपासणी नसली तरी पोलीस मधूनच चढतात, म्हणून पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेत अजिबात नको. शेंगेनची सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांचं गणित वेगळं असतं. इस्तंबूल–सोफिया गाडीत मध्यरात्रीनंतर कापिकुले या तुर्कस्तानच्या सीमेवरच्या स्टेशनला सगळ्यांना सामान घेऊन खाली उतरून रांगेत उभं राहावं लागतं. तिथे महागड्या बर्थनेही झोप वाचत नाही.

आंघोळ. नव्या स्लीपरचा शॉवर चालतो, पण पाणी टाकीतलं असतं आणि संपतं. सकाळी सहाला सगळ्या डब्याला एकदम आठवण येते, म्हणून रात्रीच उरका. कुशेटवाल्यांनी ओले वाइप्स, छोटा नॅपकिन आणि वेगळा टी-शर्ट हाताशी ठेवावा. कुशेटमध्ये पायजमा घालून कुणी बसत नाही, अंगावरच्या सैल कपड्यांतच झोपतात. सपाता मात्र हव्याच. रात्री अडीचला टॉयलेटच्या ओल्या फरशीवर मोजे घालून जाणं म्हणजे काय, ते एकदा गेल्यावर कळतं. चार्जिंगचा भरवसा फक्त नव्या डब्यांत. जुन्या कुशेटमध्ये खोलीत सॉकेट असेलच असं नाही, पॉवर बँक भरून न्या.

सामानात चाकांची कडक, मोठी सूटकेस हीच सगळ्यात त्रासदायक. खालच्या बर्थखाली ती आडवी घातली तरी जाईलच असं नाही, मग शिडी आणि दार यांच्या मध्ये ठाण मांडते. चौघांत दोन मऊ डफल आणि दोन केबिन बॅगा, इतकं बसतं.

उशीर होतो, हे गृहीत धरा. रात्री रुळांची कामं चालतात आणि मालगाड्याही. रोमला पोहोचल्यावर त्याच सकाळी विमान किंवा वेगळं काढलेलं गाडीचं तिकीट असेल तर निदान तीन-चार तास मोकळे ठेवा. युरोपियन युनियनच्या नियमानुसार 60 ते 119 मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या 25 टक्के, 120 मिनिटं किंवा जास्त झाला तर 50 टक्के भरपाई मागता येते. टोकाचं हवामान वगैरे कारणं वगळली आहेत, पण रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप वगळलेला नाही. गाडीच रद्द झाली आणि रात्र तिथेच काढावी लागली तर राहण्याची सोय कंपनीने करायची असते. आणखी एक: तुमचा स्लीपरचा डबा ऐनवेळी जोडलाच नाही आणि कुशेटमध्ये किंवा सीटवर बसवलं, तर अटेंडंटकडून तिकिटावर तसं लिहून घ्या. त्या लेखी नोंदीशिवाय भाड्यातला फरक परत मिळवताना महिनोन्महिने ईमेल करत बसाल.

तिकीट कधी काढायचं? भाडं मागणीप्रमाणे चढतं. अख्ख्या खोल्या आणि स्लीपर आधी संपतात, सीट शेवटपर्यंत असतात. युरोपातलं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यात बदलतं. त्यानंतरच्या तारखा उशिरा खुल्या होतात, त्यामुळे ख्रिसमसची गाडी उन्हाळ्यात शोधून ‘गाडी बंद झाली’ असं ठरवू नका, आठवड्यातून एकदा बघत राहा. इंटररेल किंवा युरेल पास (अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारा, ठरावीक दिवसांचा रेल्वे पास) असेल तर बर्थचे पैसे वेगळे भरावे लागतात. प्रवासाचा दिवस मात्र गाडीत चढलात त्या तारखेचा एकच मोजतात. अट इतकीच की मध्यरात्रीनंतर गाडी बदलायची नाही. रोमला उतरून लगेच पुढची लोकल पासवर पकडली, तर दुसरा दिवस खर्ची पडतो. ते छोटं तिकीट सरळ विकत घ्या.