कळा सोसल्या नाहीत तर मी कमी पडले का?

“कमरेत इंजेक्शन घेतलं तर आयुष्यभर कंबर दुखते का हो, मॅडम?” प्रसूतीपूर्व समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलींकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, गेल्या महिन्यात तो चौथ्यांदा कानी आला तेव्हा त्यावर सविस्तर लिहायचे ठरवले. हे इंजेक्शन म्हणजे एपिड्यूरल, बाळंतपणाच्या कळा कमी करण्यासाठी कमरेतून देतात ती भूल. प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर छोटे आहे. मात्र तेवढे उत्तर मिळाल्यावर निश्चिंत होऊन उठून गेलेली मुलगी मला क्वचितच भेटली आहे.

जिची गोष्ट सांगते आहे तिला आपण मृण्मयी म्हणू. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. वय २९, बँकेत नोकरी, पहिलटकरीण, आठवा महिना. पहिल्याच भेटीत तिने पिशवीतून चौकटींची वही काढली. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारून डावीकडे ‘घ्यावे’ आणि उजवीकडे ‘घेऊ नये’ असे मथळे दिलेले होते. उजवा रकाना पानाच्या तळापर्यंत भरला होता. डावीकडे एकच ओळ होती आणि तीही खोडरबराने पुसलेली. वही उजेडाकडे तिरकी धरल्यावर ‘मला भीती वाटते’ ही अक्षरे दिसली.

मी डॉक्टर नाही, आणि अंतिम सल्ला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांचाच घ्यावा, हे मी प्रत्येकीला सांगते. तरीही पहिल्या दोन भेटी आम्ही त्या उजव्या रकान्यालाच दिल्या. एपिड्यूरलची सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या भागात टोचतात. नंतर सुई काढून घेतात आणि केसासारखी बारीक नळी तेवढी राहते. तिच्यातून ब्युपिव्हकेन किंवा रोपिव्हकेन देतात, म्हणजे दात काढताना हिरडीत देतात त्याच कुळातली औषधे. हल्ली ती बहुधा ०.१ टक्का किंवा त्याहूनही सौम्य प्रमाणात, फेंटानिल या वेदनाशामकाच्या थोड्या मात्रेबरोबर देतात, त्यामुळे १५ ते २० मिनिटांत कळांची धार बोथट होते आणि पाय मात्र बऱ्यापैकी हलवता येतात. रक्तदाब उतरणे, खाज, कधी ताप, कधी एकाच बाजूला भूल चढणे हे त्रास होऊ शकतात. साधारण शंभरात एकीला तीव्र डोकेदुखी होते. बाळ खाली ढकलण्याचा टप्पा काहीसा लांबतो. मात्र वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात एपिड्यूरलमुळे सिझरचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही, आणि बाळंतपणानंतरची रेंगाळणारी कंबरदुखी इंजेक्शन न घेतलेल्या बायकांमध्येही तेवढीच आढळते.

मृण्मयी पेन्सिलीने एकेक ओळ खोडत गेली. शेवटी एकच उरली : ‘आईने सोसले.’

माझा असा अनुभव आहे की अशा काळजीच्या मुळाशी बहुतेक वेळा एक ‘च’ दडलेला असतो. ‘सोसता आले तर बरे’ हे वाक्य माणसाला मोकळे ठेवते, तर ‘सोसलेच पाहिजे’ हे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. या एका अक्षराशी झुंजण्यात माझी निम्मी कारकीर्द गेली आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. मृण्मयीचा ‘च’ मात्र माझ्याने हलेना, कारण तो तिचा नव्हता. म्हणून तिसऱ्या भेटीला मी तिच्या आईला बोलावले.

“आमच्या वेळी कुठे होती ही थेरं?” बसता बसताच त्या म्हणाल्या. “आम्ही काय बाळंत झालो नाही?”

खरे सांगायचे तर मी त्यांना मनातल्या मनात प्रतिपक्ष ठरवून मोकळी झाले होते. तरी वाद न घालता विचारले, “ताई, त्या रात्री तुमच्याजवळ कोण होतं?”

त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

“कोणी नाही. आत कुणाला सोडत नव्हते. टाके घातले तेव्हा भूल दिली नव्हती. मी ओरडले, तर बाई म्हणाली, तोंड मीट. दुसरा टाका अजून आठवतो मला.”

“आई, तू तर म्हणायचीस, मी हूं की चूं केलं नाही.”

“करू कोण देत होतं? मला कुणी विचारलंच नाही गं.”

माझ्या खोलीत इतकी जड शांतता क्वचितच होते, आणि अशा वेळी गप्प राहणे हेच समुपदेशकाचे सर्वांत अवघड काम असते. मृण्मयीने ज्याला सोसणे समजून स्वतःची फुटपट्टी बनवले होते, त्यात तिच्या आईला निवडीचा प्रश्नच आला नव्हता. हे मी दहा भेटींत समजावूनही तिला पटले नसते. ते आईच्याच तोंडून यायला हवे होते. मृण्मयीने वही उघडली आणि पुसलेली ओळ शाईने पुन्हा लिहिली.

त्यानंतरचे काम सोपे होते. रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ उपलब्ध असतो का, खर्च किती, रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा प्लेटलेट कमी असल्यास काय, हे सारे नवव्या महिन्याच्या आधीच विचारून घ्यावे, कारण ऐन कळांमध्ये असे बोलणे होत नाही. भूलतज्ज्ञ मिळालाच नाही, तरी बाळाला वाट करून देण्यासाठी योनीमार्गापाशी छेद देण्यापूर्वी किंवा टाके घालण्यापूर्वी त्या जागी लिग्नोकेनचे, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारे, इंजेक्शन देता येते. ते मिळेल ना, हेही विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींमध्येही वेदनाशमन मागणाऱ्या निरोगी स्त्रीला, तिच्या पसंतीनुसार, एपिड्यूरल देण्याचे म्हटले आहे. आधी ‘नको’ म्हणून नंतर ‘हवे’ म्हणण्याची मुभा आहे, आणि उलटेही. मृण्मयीने ‘मागेन तेव्हा द्यावे’ असे लिहून घेतले आणि सोबतीला आत नवऱ्याऐवजी आईचे नाव दिले.

प्रत्यक्षात कळा इतक्या झपाट्याने आल्या की एपिड्यूरलला वेळच मिळाला नाही. पाचव्या दिवशी आईंचा फोन आला. टाके घालायची तयारी सुरू झाली तेव्हा त्यांनी डॉक्टरांना दोनदा विचारले होते, “आधी भूल देताय ना?”

“दिली,” त्या म्हणाल्या. “दुसरा टाका पडला तेव्हा ती बाळाची बोटं मोजत होती.”