१९६४ ची फियाट ११०० आहे, एअर सस्पेन्शन बसवायचंय. कोणतं किट घेऊ आणि मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढावे लागतील का?

पाटे काढू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

माझीही ११००च, वडिलांच्या हातची. सात वर्षांपूर्वी मी तिला मागे हवेचे बेलो (स्प्रिंगच्या जागी वजन उचलणाऱ्या, हवा भरलेल्या रबरी पिशव्या) बसवले आणि तेव्हापासून आमच्या घरात ‘हवा’ हा शब्द कुणी सरळ अर्थानं वापरत नाही. माझा मोठा भाऊ बेलोंना फुगे म्हणतो. त्याचं म्हणणं होतं, जुन्या गाडीला असल्या भानगडी शोभत नाहीत, पाटे उतरवून साफ कर, पुरे झालं. मी त्याला ऐकवलं की कॅडिलॅकनं १९५७ मध्ये एल्डोराडो ब्रूमला हवेचं सस्पेन्शन दिलं होतं, मर्सिडीजनं १९६१ मध्ये ३०० एसईला. आपली गाडी तर त्यांच्याहून तरुण आहे. मुद्दा बिनतोड होता. (१९५८ मध्ये जनरल मोटर्सनं आपल्या बाकीच्या गाड्यांनाही हा पर्याय दिला आणि त्यानं इतका त्रास दिला की लोकांनी तो काढून साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या, हे दादाला अजून कळलेलं नाही. कळू देऊ नका.)

मिस्त्रीनं पाटे काढले, एक्सलला (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) दोन्ही बाजूंना एकेक लांब दांडा जोडला, वर बेलो ठेवले आणि डिकीत हवेची टाकी आणि कॉम्प्रेसर बसवला. दिसायला झकास. पहिल्याच वळणावर मात्र स्टिअरिंग वळलं, नाक वळलं आणि मागचा भाग एक क्षण विचार करून मग आला. पोटात गोळाच आला.

पाटा वजन तोलतो, ते सगळ्यांनाच दिसतं. पण एक्सल पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकू न देणं, ब्रेक मारला की त्याला गिरकी घेऊ न देणं, हेही पाटाच करत असतो. बेलो फक्त वजन उचलतो. पाटे गेले की उरलेली कामं करायला चार दांडे लागतात आणि एक्सलचं एक टोक बॉडीच्या दुसऱ्या बाजूला बांधणारा पॅनहार्ड रॉड लागतो. आमचा मिस्त्री म्हणाला, बेलोच धरून ठेवतो. आणि मी मान डोलावली, हेही लिहायला हवं.

त्यात त्यानं दोन्ही बेलोंना एकाच व्हॉल्व्हमधून टी (तीन तोंडांचा जोड) टाकून हवा दिली. वळणावर बाहेरच्या चाकावर वजन आलं की तिकडची हवा नळीतून आतल्या बेलोत पळायची. म्हणजे जी बाजू उचलून धरायची तीच आणखी खाली. डावं-उजवं नेहमी वेगळं ठेवा, या एका गोष्टीवर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

मग ती सकाळ. आईला पहाटेच्या ट्रेनला सोडायचं होतं, म्हणून दादा गाडी न्यायला आला. गाडी मागून पोटावर बसलेली, मडगार्डची कड टायरला टेकलेली. मी घाईनं स्विच दाबला. मागच्या एका चाकावर २४० किलो आणि बेलोचं कामाचं क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर धरलं, तर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब लागतो, म्हणजे साधारण ५७ पीएसआय. काटा ४० पर्यंत चढला आणि कॉम्प्रेसर रडायला लागला. दिवा मंद झाला. स्टार्टरनं एकदाच ‘टक’ केलं. दादा किल्ली बोटात फिरवत उभा होता. म्हणाला, “हवा गेली वाटतं.” सात वर्षं झाली, आमच्याकडे कुणी परीक्षेत नापास झालं तरी हेच वाक्य येतं.

गळती शोधायला मी दोन दिवस साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन गाडीखाली होतो. टाकीजवळच्या जोडावर मोहरीएवढा एक बुडबुडा यायचा, वाटाण्याएवढा व्हायचा, फुटायचा. मग पुन्हा तेच. नळी बाहेर काढली तर टोक तिरपं कापलेलं, पकडीनं चेपून तोडल्यासारखं. असल्या दाबून बसवायच्या जोडात नळी काटकोनात कापलेली नसेल तर आतल्या रबरी रिंगवर ती नीट बसत नाही. एवढ्याशा तिरपेपणामुळे कॉम्प्रेसर सारखा चालू व्हायचा आणि दरवेळी २० अँपिअरच्या वर ओढायचा. तुमच्या गाडीत डायनॅमो असेल तर लक्षात घ्या, तो अख्ख्या गाडीला साधारण तेवढाच करंट देतो, तोही इंजिन पळत असताना. आयडलिंगला लाल दिवा लुकलुकतो तो उगीच नाही. म्हणजे बॅटरी कित्येक दिवस उपाशी होती, त्या सकाळी फक्त कोसळली.

शेवटी सगळं उतरवलं आणि कोपऱ्यात टाकलेले जुने पाटे पुन्हा बाहेर काढले. मधला बोल्ट काढला तरी पाटे सुटेनात. गंजानं एकमेकांना धरलेले, छिन्नी घालून वेगळे करावे लागले. खालच्या पाट्याच्या टोकानं वरच्यात चर पाडलेला. असा पाटा वाकतच नाही, मग खड्डा थेट पाठीत येतो आणि आपण म्हणतो गाडीला हवा हवी! घासले, कडा गोल केल्या, मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस भरलं, सगळे बुश नवे टाकले, मेलेले शॉकअप बदलले. बेलोवर कधी चालली नव्हती इतकी मऊ चालली.

दादा लगेच म्हणाला, मी सांगितलं होतं. नव्हतं सांगितलं. तो फक्त ‘साफ कर’ म्हणाला होता. बुश आणि शॉकअपबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं, आणि निम्मा फरक त्यांचाच आहे. शिवाय गाडी हवेनं बिघडली नाही, कापाकापीनं बिघडली. पुरावा म्हणून आजही माझ्या गाडीत हवा आहे: पाटे जागेवर, आणि एक्सलवर मदतीला दोन छोटे बेलो. रिकाम्या गाडीत जेमतेम १ किलो दाब, मागे माणसं-सामान असलं की वाढवतो. प्रत्येक बाजूला टायरसारखा वेगळा व्हॉल्व्ह, हातपंपानं भरतो. टाकी नाही, कॉम्प्रेसर नाही. दादा त्यात बसतो आणि काही बोलत नाही.

आता तुम्हाला गाडी उभी असताना जमिनीला टेकलेलीच हवी असेल, तर माझं सगळं सोडून द्या, पूर्ण सिस्टिमच लागेल. मग दांडे आणि रॉड ओळखीच्या मिस्त्रीवर सोपवू नका, ज्यानं हेच काम आधी केलंय त्याला गाठा. बेलो सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा. गाडी पूर्ण वर उचलून ब्रेकचा होज ताणला जातोय का बघा. टाकीत पाणी साठतं, ते खालून काढत जा. आणि पुढच्या चाकांना हात लावू नका. उंची बदलली की अलाइनमेंट बदलतं आणि टायर एका कडेनं खाल्ले जातात. काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा, पुढेमागे विकायची झाली तर घेणारा पहिलं तेच विचारतो.

किटचं राहिलंच. त्याआधी एक करा: एक्सलच्या बरोब्बर वरचा पत्रा खालून स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. पाट्याचं वजन दोन टोकांना वाटून जातं, बेलोचं सगळं त्या एका जागी येतं आणि या गाडीला वेगळी चासी (बॉडीखालची लोखंडी चौकट) नाही. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर किट राहू द्या, वेल्डरचा नंबर शोधा.