अनेकवचनाआधी ‘द’ कधी?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. इंग्रजीत ‘बनानाज’आधी ‘द’ (the) कधी लावायचा, कधी नाही?
– एक पालक, रावेर

उत्तर : ‘कोणती केळी?’ असं तिला विचारायला सांगा. उत्तर ‘कुठलीही, एकूणच’ असेल तर ‘द’ नको : ‘फार्मर्स ग्रो बनानाज.’ ठरावीक केळी असतील आणि ऐकणाऱ्यालाही ती कळत असतील, तर हवाच : ‘द बनानाज इन धिस क्रेट आर अनराइप.’ मराठीत दोन्हीकडे नुसतं ‘केळी’ चालतं, म्हणून घोटाळा होतो. नुसतं विशेषण जोडल्यानं ‘द’ येत नाही. ‘राइप बनानाज आर स्वीट’ अगदी बरोबर. पहिल्या उल्लेखाला ‘सम बनानाज’, पुन्हा त्यांच्याबद्दलच बोलताना ‘द बनानाज’. पर्वतरांगांची अनेकवचनी नावं मात्र ‘द’सकटच पाठ करावीत : ‘द हिमालयाज’, ‘द आल्प्स’.