युक्रेनचे लोक पूर्व आणि पश्चिम असे खरंच दोन आहेत का?

तुम्ही विचारलंय की युक्रेनच्या पूर्वेला रशियन आणि पश्चिमेला युक्रेनी असे मुळात दोन वेगळे लोक राहतात का, आणि ही फूट कधीपासूनची. मी पूर्व युक्रेनमधल्या खारकीवला सहा वर्षं राहून वैद्यकीय शिक्षण घेतलं. जाताना माझीही समजूत हीच होती. ती चुकीची ठरली. फूट आहे, पण एकाच लोकांचे तुकडे वेगवेगळ्या राज्यांच्या हाती पडल्यामुळे ती पडली.

१६४८ मध्ये बोहदान ख्मेल्नित्स्कीच्या कोसाकांनी, म्हणजे तिथल्या लढवय्या घोडेस्वारांनी, पोलंडविरुद्ध बंड केलं आणि १६५४ मध्ये मॉस्कोच्या झारचा आधार घेतला. पुढे १६६७ मध्ये पोलंड आणि रशियाने आंद्रुसोवोच्या तहात नीपर नदीच्या दोन तीरांची वाटणी करून टाकली. कोसाकांना कुणी विचारलंही नाही. नदीची ही सीमा सव्वाशे वर्षांत पुसली गेली, कारण पोलंडच्या फाळण्यांमध्ये पश्चिम तीरही रशियाकडे गेला. त्यामुळे नकाशावर नीपर दाखवून ‘इथून दोन देश’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

खरी दरी पडली ती गालिशियामुळे, म्हणजे ल्विव शहराभोवतीच्या मुलखामुळे. तो १७७२ मध्ये ऑस्ट्रियाकडे गेला. तिथे युक्रेनी भाषेला शाळा मिळाल्या, वर्तमानपत्रं निघाली, लोक निवडणुका लढवायला शिकले. रोमच्या पोपला मानणारं पण पूजाविधी पूर्वेकडच्या पद्धतीने करणारं ग्रीक कॅथलिक चर्चही तिथे टिकलं. रशियात नेमकं उलटं झालं. १८६३ च्या आदेशाने युक्रेनीतली शैक्षणिक आणि धार्मिक पुस्तकं रोखली, १८७६ च्या एम्सच्या फर्मानाने तर बाहेरून पुस्तकं आणण्यावर आणि नाटकांवरही बंदी घातली. कीव्ह विद्यापीठात शिकलेले इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्की १८९४ मध्ये युक्रेनचा इतिहास शिकवायला ल्विवला गेले. स्वतःचा इतिहास शिकवायला परक्या साम्राज्यात जावं लागावं, यातच सगळं आलं.

त्याच सुमारास पूर्वेकडच्या दोनबास या मुलखात कोळसा आणि पोलाद उभं राहत होतं. आजचं दोनेत्स्क १८६९ च्या सुमारास जॉन ह्यूज नावाच्या वेल्श कारखानदाराने वसवलं. खाणींवर रशियातून मजूर आले, गावांतले युक्रेनीही आले, आणि कामाची भाषा रशियन झाली. दोनबासचं रशियनपण बरंचसं या भोंग्याच्या वेळेतून आलेलं आहे.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. १९३२-३३ मध्ये स्टालिनच्या सरकारने गावांतलं धान्य ओरबाडून नेलं आणि लाखो माणसं भुकेने मेली. त्याला होलोदोमोर म्हणतात. सर्वाधिक मृत्यू कीव्ह आणि खारकीवच्या भागात झाले. ल्विव तेव्हा पोलंडमध्ये होतं, तिथे तो दुष्काळ पोचला नाही. माझ्या घरमालकीण आजी पावाचा शिळा तुकडाही टाकू देत नसत. त्यांच्या आईचं गाव त्या वर्षी रिकामं झालं होतं. सोव्हिएत काळात त्यावर बोलायचीही सोय नव्हती. शिवाय १९३९ नंतर सोव्हिएत सत्ता पश्चिमेला पोचली तीच अटका आणि हद्दपारी घेऊन. म्हणून सोव्हिएत सत्तेविरुद्ध उभा राहिलेला युक्रेनी राष्ट्रवादी नेता स्तेपान बांदेरा याचं नाव ल्विवमध्ये अनेकांना वीराचं वाटतं, तर ज्यांचे आजोबा लाल सैन्यात लढले त्या पूर्वेच्या घरांत ते शिवीसारखं उच्चारलं जायचं. पोलिश लोक मात्र त्याच राष्ट्रवाद्यांच्या सैनिकांनी १९४३ मध्ये वोलिन भागात केलेलं पोलिश गावकऱ्यांचं हत्याकांड विसरू शकत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे.

आता भाषेबद्दल, कारण भारतात बसून आपण इथेच फसतो. आजी घरात रशियन बोलत आणि स्वतःला युक्रेनी म्हणवत, त्यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. २००१ च्या जनगणनेत स्वतःला युक्रेनी म्हणवणाऱ्यांपैकी जवळपास १५ टक्के लोकांनी मातृभाषा रशियन सांगितली होती. आणि १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूने देशभर ९० टक्क्यांवर मतं पडली. दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही ८० च्या वर, क्रिमियात ५४.

निवडणुकांत पूर्व-पश्चिम भेद दिसायचा, २००४ आणि २०१० मध्ये तर ठळक. पण कुणाला मत द्यायचं यावर भांडणं वेगळं आणि देश नको म्हणणं वेगळं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन फौजा खारकीवच्या रस्त्यांवर शिरल्या, तेव्हा त्यांना अडवणाऱ्यांत घरी रशियन बोलणारे कितीतरी होते.