वसिष्ठ आणि अरुंधती हे तारे खरोखर एकमेकांभोवती फिरतात का?

आपण विचारले आहे की, इतर जोडताऱ्यांमध्ये एक तारा स्थिर असतो व दुसरा त्याच्याभोवती फिरतो, वसिष्ठ-अरुंधती मात्र परस्परांभोवती फिरतात आणि म्हणूनच आपल्या पूर्वजांनी त्यांना आदर्श दांपत्य मानले, असा जो मजकूर मोबाइलवर फिरत असतो तो कितपत खरा आहे; आणि त्या ठिकाणी नेमके किती तारे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते, म्हणून ते आधी देतो: सहा. वसिष्ठ म्हणून आपल्याला जो ठिपका दिसतो त्यात चार तारे आहेत आणि अरुंधतीच्या ठिपक्यात दोन. पहिल्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

त्या मजकुराचा पायाच चुकीचा आहे. गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या कोणत्याही जोडीत एक तारा जागचा न हलता दुसरा त्याला प्रदक्षिणा घालतो, असे कधीच घडत नाही. दोन्ही तारे त्यांच्या सामाईक वस्तुमानमध्याभोवती फिरतात. जो अधिक वजनदार त्याची कक्षा लहान, जो हलका त्याची मोठी, एवढाच फरक. पृथ्वी आणि चंद्र यांचेही तसेच आहे. तेव्हा परस्परांभोवती फिरणे हे वसिष्ठ-अरुंधतीचे वैशिष्ट्य होऊ शकत नाही. गंमत अशी की, आकाशातल्या त्या जागी एकमेकांभोवती गरगर फिरणाऱ्या जोड्या खरोखरच आहेत, पण त्या प्रत्येक ठिपक्याच्या पोटात आहेत. वसिष्ठ आणि अरुंधती या दोन ठिपक्यांमधले नाते त्या मानाने फारच सैल आहे.

आधी डोळ्यांना काय दिसते ते पाहू. सप्तर्षींच्या पतंगाला जी तीन ताऱ्यांची शेपटी आहे, तिच्यातला मधला तारा म्हणजे वसिष्ठ, पाश्चात्त्य नाव मिझार. त्याला अगदी खेटून दिसणारा मंद तारा म्हणजे अरुंधती, अर्थात अल्कोर. दोघांतले कोनीय अंतर सुमारे १२ कला (एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला), म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक. निरोगी डोळा एक-दोन कलांइतके अंतरही वेगळे करू शकतो, त्यामुळे अरुंधती दिसत नाही ती जवळीक असल्यामुळे नव्हे, तर ती मंद असल्यामुळे. वसिष्ठाची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) साधारण २.१ आहे आणि अरुंधतीची ४.०, तेजस्वितेत हा फरक जवळजवळ सहापट होतो. चौथ्या प्रतीचा तारा पुण्या-मुंबईच्या दिव्यांच्या धुरकट उजेडात विरघळून जातो. वांगणीसारख्या बऱ्यापैकी अंधाऱ्या ठिकाणी आकाशदर्शनाला नेलेली मंडळी मात्र बहुधा अर्ध्या मिनिटात 'हो, दिसली' म्हणतात. अरबांनीही या ताऱ्याला नजरेची कसोटी मानले होते. त्यांनी त्याला सुहा, म्हणजे दुर्लक्षित, असे नाव दिले, आणि 'मी तिला सुहा दाखवतो, तर ती मला चंद्र दाखवते' अशी म्हणही त्यांच्याकडे आहे. संस्कृत शास्त्रकारांनी याच अनुभवातून स्थूलारुंधती न्याय काढला: बारीक अरुंधती एकदम दाखवता येत नाही, म्हणून आधी तिच्याजवळचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की मग 'तो नव्हे, त्याच्या शेजारचा' असे सांगायचे.

मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड केले, तर महाराष्ट्रातून वसिष्ठ क्षितिजापासून पन्नासहून अधिक अंश उंचीवर सापडतो. मात्र आपल्या अक्षांशावरून सप्तर्षी बारमाही नाहीत. ते उगवतात आणि मावळतात. आमच्या घरातले एक लग्न मार्गशीर्षात, गोरज मुहूर्तावर होते. गुरुजींनी मांडवाच्या उत्तरेच्या कनातीकडे बोट करून नवदांपत्याला अरुंधती दाखवली, दोघांनीही गंभीरपणे मान डोलावली, आणि मी मात्र मनातल्या मनात हिशेब करत होतो की अरुंधती उगवायला मध्यरात्र उलटून जावी लागेल. ध्रुव तेवढा कनातीमागे नक्की होता. वैशाखातल्या लग्नांत ही अडचण येत नाही.

आता दुर्बीण लावू. साध्या ६० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून चाळीसपट वर्धनाला वसिष्ठाचे दोन स्वच्छ पांढरे ठिपके होतात, एक ठळक आणि दुसरा त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका तेजस्वी. दोघांत अंतर १४.४ विकला (एका कलेचा साठावा भाग म्हणजे एक विकला). दुर्बिणीतून जोडतारा म्हणून ओळखला गेलेला हा पहिला तारा मानला जातो. त्याचे श्रेय दीर्घ काळ इटलीच्या रिच्चोली यांना, १६५०च्या सुमाराच्या निरीक्षणासाठी, दिले जाई. पण बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी १६१७च्या जानेवारीतच आपले गुरू गॅलिलिओ यांना पत्र लिहून या ताऱ्याकडे पाहण्यास सुचवले होते, आणि गॅलिलिओंनी त्याच महिन्यात पाहून अंतर सुमारे १५ विकला असल्याची नोंदही करून ठेवली होती. त्या काळच्या दुर्बिणीचा विचार करता हे मोजमाप थक्क करणारे आहे.

गॅलिलिओंना यात रस का होता, हे सांगण्यासारखे आहे. त्यांचा तर्क असा की, मंद दिसणारा तारा खूप दूर असणार आणि ठळक तारा जवळ, केवळ आपल्या दृष्टिरेषेत ते शेजारी आले आहेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांत जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसला पाहिजे. या सरकण्याला पराशय म्हणतात. तसे काहीच दिसले नाही. कारण साधे होते: दोन्ही तारे आपल्यापासून सारख्याच अंतरावर, सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत, त्यामुळे सरकले तरी ते बरोबरीनेच सरकणार. त्या दोघांमधले अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या किमान ३८० पट भरते; एका ताऱ्यावरून निघालेला प्रकाश दुसऱ्यावर पोहोचायला दोन दिवसांहून अधिक लागतात, आणि एक प्रदक्षिणा व्हायला काही हजार वर्षे.

पुढची पायरी दुर्बिणीच्या नव्हे, वर्णपटाच्या, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत विभागून मिळणाऱ्या पट्ट्याच्या, मदतीने गाठली गेली. हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांची छायाचित्रे तपासताना वसिष्ठाच्या ठळक घटकाची कॅल्शियमची एक रेषा काही रात्री एकेरी, तर काही रात्री दुहेरी दिसते, असे लक्षात आले. या कामात अँटोनिया मॉरी यांचा मोठा वाटा होता. वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी १८८९ मध्ये हा शोध जाहीर केला. एक तारा आपल्याकडे येत असताना त्याची रेषा निळ्या बाजूला सरकते, त्याच वेळी दुसरा दूर जात असल्याने त्याची रेषा तांबड्या बाजूला सरकते, म्हणून एका रेषेच्या दोन होतात. दोघेही दृष्टिरेषेला आडवे जात असले की त्या पुन्हा एक होतात. अशा रीतीने सापडलेला हा पहिलाच वर्णपटीय जोडतारा. पिकरिंग यांनी आवर्तनकाळ, म्हणजे एका फेऱ्याला लागणारा वेळ, आरंभी १०४ दिवस धरला होता, तो चुकला. १९०१ मध्ये जर्मनीतील हेर्मान फोगेल यांनी तो साडेवीस दिवसांवर आणला.

मला स्वतःला या सबंध कुटुंबातली हीच जोडी सर्वांत विलक्षण वाटते. दोन्ही तारे जवळजवळ जुळे आहेत, प्रत्येकाचे वस्तुमान सूर्याच्या सव्वादोन ते अडीच पट. त्यांच्यातले सरासरी अंतर साडेतीन कोटी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बुध सूर्यापासून जितका दूर आहे त्याहूनही कमी. कक्षा चांगलीच लंबवर्तुळाकार असल्याने दर साडेवीस दिवसांत ते एकदा पावणेदोन कोटी किलोमीटरपर्यंत जवळ येतात आणि एकदा साडेपाच कोटींपर्यंत दूर जातात. आकाशात हे अंतर एका विकलेच्या शंभराव्या भागाएवढे भरते. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत फ्रान्सिस पीझ यांनी व्यतिकरणमापकाने, म्हणजे प्रकाशाचे दोन झोत एकत्र आणून सूक्ष्म कोन मोजणाऱ्या उपकरणाने, ते मोजले. परस्परांभोवती समसमान फिरणारे दांपत्यच हवे असेल, तर ते हे. फक्त त्यात अरुंधती नाही, दोघेही वसिष्ठाच्याच ठिपक्यात आहेत.

वसिष्ठाचा मंद घटकही एकटा नसल्याचे १९०८ मध्ये वर्णपटावरूनच दिसून आले. त्याच्या जोडीचा आवर्तनकाळ सुमारे १७५ दिवस आहे. अशा रीतीने वसिष्ठात चार तारे झाले.

अरुंधती मात्र २००९ पर्यंत एकटी समजली जात होती. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या गटांना तिच्यापासून अवघ्या एका विकलेच्या अंतरावर एक लाल बटू, म्हणजे लहान, थंड आणि मंद तारा आढळला, ज्याचे वस्तुमान सूर्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास आहे. अरुंधतीच्या दिशेकडून क्ष-किरण येताना आढळले होते, आणि तिच्या जातीच्या पांढऱ्या, तप्त ताऱ्याकडून ते सहसा अपेक्षित नसतात. ते या सोबत्याकडून येत असावेत, असे धरले की तेही कोडे उलगडते. तो ठिपका पार्श्वभूमीवरचा उपरा तारा नसून खरा सोबती आहे, हे सिद्ध करताना अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेतील गटाने काही महिन्यांच्या अंतराने छायाचित्रे घेऊन दाखवले की पराशयामुळे दोघेही बरोबरीने सरकतात. गॅलिलिओंच्या हाती ज्या बरोबरीने सरकण्यामुळे काही लागले नव्हते, तोच इथे पुरावा झाला.

आता मूळ प्रश्न: वसिष्ठाचे चार आणि अरुंधतीचे दोन, हे दोन गट एकमेकांशी बांधलेले आहेत का? आकाशात ते एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत, पण एवढ्याने भागत नाही. सप्तर्षींतले मरीचि आणि क्रतु वगळता उरलेले पाचही तारे एकाच दिशेने चाललेल्या एका विखुरलेल्या समूहाचे सभासद आहेत, सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी एकाच मेघातून जन्मलेले. पुलह आणि वसिष्ठ एकत्र प्रवास करतात म्हणून कोणी त्यांना जोडी म्हणत नाही. २००९च्या शोधानंतर अरुंधतीचा वेग नव्याने तपासला गेला तेव्हा तो गुरुत्वीय बंधनाशी सुसंगत निघाला, आणि आज बहुतेक खगोलशास्त्रज्ञ ही सहा ताऱ्यांची एकच संस्था मानतात. तरी दोन्ही गटांतले अंतर एका प्रकाशवर्षाच्या घरातले आहे, आणि इतक्या अंतरावरून एक फेरा पूर्ण व्हायला लाखो वर्षे लागणार. फिरताना त्यांना कोणी पाहिलेले नाही, आणि माणसाच्या लिखित इतिहासाएवढ्या काळात ते दिसण्याजोगे सरकलेलेही नाहीत.

आपण दुर्बिणीतून पाहणार असाल, तर एक सूचना. कमी वर्धनाला वसिष्ठ आणि अरुंधती एकाच दृष्टिक्षेत्रात येतात, आणि त्यांच्याशी त्रिकोण करणारा आठव्या प्रतीच्या आसपासचा एक बारीक तारा दिसतो. तो या कुटुंबातला नव्हे. कितीतरी मागे, वेगळ्याच अंतरावर आहे. १७२२ मध्ये जर्मनीतल्या गीसेन येथील प्राध्यापक लीबक्नेख्ट यांना तो नवा ग्रह वाटला, आणि त्यांनी आपल्या संस्थानिकाच्या नावावरून त्याला 'लुडविगचा तारा' म्हटले. ग्रह तो नव्हताच, पण नाव अजून चालते.