ससा, छऱ्याची बंदूक आणि कलम 9

इंदूरच्या रामबागेतून एक वाचक लिहितात: महूच्या रस्त्याला आमचं शेत आहे. ससे हरभऱ्याचे कोंब खाऊन टाकतात, तितरंही बरीच आहेत. स्प्रिंग-पिस्टनची पॉइंट 22 एअर रायफल आणि वर दुर्बीण, अशी जोडी पसंत केली आहे. दुकानदार म्हणतो, लायसन लागत नाही. घेऊ का?

ही घेऊ नका. 2016 च्या शस्त्र नियमांत परवान्याची सूट आहे ती 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि छर्रा सुटतानाची ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला. पॉइंट 22 म्हणजे 5.5 मिमी. 0.177 घेतलीत तरी डब्यावरचा वेग वाचा: 8 ग्रेन, म्हणजे साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 900 फुटांनी सुटला तर साडेएकोणीस ज्यूल होतात, 1000 फुटांनी सुटला तर 24.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. बंदुकीला लायसन नको, म्हणजे ससा मारायला मोकळीक, असं तुम्ही धरून चालला आहात. ससा आणि तितर दोघंही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत आणि कलम 9 ने त्यांच्या शिकारीला बंदी आहे. शेत स्वतःचं असलं तरी. नेम चुकला तरी सुटका नाही, कारण प्रयत्न हीसुद्धा कायद्याने शिकारच. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय रायफल आणि गाडी सरकारजमा.

माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. कान धरून उचललेला ससा, सीटला टेकवलेली बंदूक, मागे मोटरसायकलची नंबरप्लेट स्वच्छ. हा फोटो त्यानेच मित्रांना पाठवला होता. कोर्टाच्या बाकावर त्याची आई त्याच्या परीक्षेचं हॉलतिकीट हातात घेऊन बसली होती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारकोठी आहे, म्हणून आपल्याकडे अजूनही शिकार हा घरंदाज छंद वाटतो. आज तिथे अभयारण्य आहे. परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत शिरणंसुद्धा गुन्हा.

नेमबाजीच शिकायची असेल तर 0.177 जरूर घ्या, दुर्बीण मात्र एअर रायफलसाठीच बनवलेली हवी. स्प्रिंगचा धक्का मागे-पुढे दोन्हीकडे बसतो, साधी दुर्बीण त्यात खिळखिळी होते. निशाण्यामागे भक्कम भिंत असू द्या.

पिकासाठी बारीक जाळी लावा, खालची कड मातीत पुरून. तरीही नुकसान थांबलं नाही तर त्याच वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली (पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत परवानगीचं कलम) वनविभागाकडे लेखी अर्ज करा, सोबत पिकाचे तारखेसह फोटो जोडा आणि पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठू नका.